तरुणपणीचा हार्ट ब्लॉक: पेसमेकर चांगलाच, पण आधी एमआरआय आणि मग वायर

पेसमेकरला वस्तू म्हणून नावं ठेवायला फारशी जागा नाही. पंचवीस-तीस ग्रॅमची टायटॅनियमची डबी, आत लिथियमची बॅटरी, एक किंवा दोन वायर, आणि दहा-बारा वर्षं बिनबोभाट काम. १९५८ साली स्वीडनमध्ये ज्यांच्या शरीरात पहिला पेसमेकर बसवला, ते आर्ने लार्सन तेव्हा ४३ वर्षांचे होते. ते पहिलं यंत्र काही तासांतच बंद पडलं. पुढे वीसहून जास्त मशीन बदलत लार्सन २००१ पर्यंत, म्हणजे वयाच्या ८६ व्या वर्षापर्यंत जगले. तरुण माणूस आणि पेसमेकर ही जोडी अशी पहिल्या दिवसापासूनची आहे. तरीही जळगाव, धुळे, नंदुरबारच्या पेशंटला मिळणारी सेवा बहुतेक वेळा सत्तरीतल्या माणसाच्या मापाने शिवलेली असते, आणि पस्तिशीतल्याला ती बसत नाही. हे परीक्षण त्या फरकाबद्दल आहे: यंत्र कोणतं घ्यावं, त्याआधी काय करून घ्यावं आणि नंतर कुठे काय चुकतं.

आधी थोडक्यात, हा ब्लॉक म्हणजे रक्तवाहिनीतलं ब्लॉकेज नव्हे. हृदयाच्या वरच्या कप्प्यातला विजेचा संदेश खालच्या कप्प्यात पोचत नाही, म्हणून ठोके गळतात आणि नाडी मंदावते. अँजिओप्लास्टीचा त्यावर उपयोग नाही. नाडी तिशीत उतरली की मेंदूला रक्त कमी पडतं, माणूस कोसळतो, हातपाय झटकतो, आणि घरचे त्याला फिट समजतात. त्यात कार्बामाझेपिन सुरू झालं तर दुहेरी नुकसान, कारण फिटची ही गोळी हाच (एव्ही) ब्लॉक आणखी वाढवू शकते. फिटच्या प्रत्येक नव्या पेशंटचा बारा लीडचा ईसीजी काढायला हवा तो याचसाठी.

ईसीजीवर मोबिट्झ टाइप टू (काही संदेश अचानक गळणारा) किंवा पूर्ण ब्लॉक (एकही संदेश न पोचणारा) दिसला, तरी लगेच कायमचा पेसमेकर लागतोच असं नाही. काही ब्लॉक कारण दूर झालं की सुटतात. ती कारणं अशी: बीटा ब्लॉकर, व्हेरापामिल, डिल्टियाझेम, डिगॉक्सिन या गोळ्या, काचबिंदूसाठी डोळ्यात टाकायचे टिमोलॉलचे थेंबसुद्धा, रक्तात वाढलेलं पोटॅशियम, मंदावलेलं थायरॉइड, पावसाळ्यानंतरचा डेंग्यू, हृदयाच्या खालच्या भिंतीचा झटका. खान्देशात आणखी दोन गोष्टी मुद्दाम विचाराव्या लागतात: कपाशीवर फवारलेलं कीटकनाशक आणि बिट्टीच्या, म्हणजे पिवळ्या कण्हेरीच्या, बिया. बिट्टीत डिगॉक्सिनसारखंच विष असतं. तरुण पेशंट आणि अचानक आलेला ब्लॉक असेल, तर हा प्रश्न नातेवाइकांना बाजूला घेऊन विचारावा. अशा वेळी मांडीतून किंवा मानेतून ठोके देणारी तात्पुरती वायर घालून काही दिवस काढता येतात. पाश्चात्त्य यादीत वरच असणारा लाइम रोग आपल्याकडे मागे ढकलला तरी चालतो.

रस्त्यातली सोयही तपासून घ्यावी. धडगाव किंवा अक्कलकुव्याहून धुळ्यापर्यंतचा घाट १०८ मधून उतरताना ॲट्रोपिन (नाडी वाढवणारं इंजेक्शन) हाच एक आधार असेल तर तो तोकडा आहे. ब्लॉक खालच्या पातळीवर असेल, म्हणजे ईसीजीवर क्यूआरएस (खालच्या कप्प्याच्या ठोक्याची रेघ) रुंद दिसत असेल, तर ॲट्रोपिन बहुधा चालत नाही. डोपामिन किंवा ॲड्रिनलिनचं ड्रिप आणि छातीवर पॅड लावून बाहेरून पेसिंग करणारा, म्हणजे ठोके देणारा, डिफिब्रिलेटर गाडीत आहे का, हे पेशंट पाठवणाऱ्या डॉक्टरांनी फोनवरच विचारावं.

बसवण्याआधीची तपासणी: सेवेची सगळ्यात कच्ची बाजू

एवढं सगळं तपासूनही कारण सापडलं नाही, की फाइलवर 'इडिओपॅथिक' (कारण अज्ञात) लिहून दुसऱ्या दिवशी पेसमेकरसाठी कॅथ लॅब लागते. सत्तरीत ते बरोबर आहे. वयाने वहनतंतू झिजलेले असतात. तरुणात नाही. फिनलंडमध्ये १८ ते ५५ वयाच्या, कारण न सापडलेल्या ७२ पेशंटची नीट तपासणी केली, तेव्हा १८ जणांत कार्डिॲक सार्कॉइड किंवा जायंट सेल मायोकार्डायटिस, हे हृदयाच्या स्नायूला सूज आणणारे आजार, निघाले. चारातला एक. आणि त्या १८ पैकी ७ जणांना पुढच्या चारेक वर्षांत मृत्यू, हृदय प्रत्यारोपण किंवा जीवघेणी लय यांपैकी काहीतरी गाठलं. डेन्मार्कमध्ये पन्नाशीच्या आत पेसमेकर बसलेल्या हजारभर पेशंटची नोंद आहे. त्यातल्या निम्म्यांच्या ब्लॉकचं कारण अज्ञातच होतं, आणि या अज्ञात गटात मृत्यू, हार्ट फेल्युअर आणि गंभीर लय यांचं एकत्रित प्रमाण सामान्य लोकांच्या तुलनेत तिपटीहून जास्त निघालं. पेसमेकर ठोके देतो. आतली सूज तो थांबवत नाही, आणि व्हेंट्रिक्युलर टॅकिकार्डिया (खालच्या कप्प्याची जीवघेणी जलद लय) आला तर तो शॉकही देत नाही. शॉक लागणार असेल तर पहिल्या दिवशीच पेसमेकरऐवजी आयसीडी (शॉकही देणारं यंत्र) बसवावा लागतो, आणि हे ठरतं बसवण्याआधीच्या तपासणीवर.

अमेरिकेच्या हार्ट ऱ्हिदम सोसायटीने २०१४ मध्येच सांगून ठेवलं आहे की साठीच्या आत, कारण न सापडलेल्या मोबिट्झ टू किंवा पूर्ण ब्लॉकमध्ये सार्कॉइड शोधावा आणि त्यासाठी कार्डिॲक एमआरआय किंवा पेट स्कॅन (किरणोत्सारी साखर टोचून सूज शोधणारा) करावा. मागायच्या तपासण्या अशा: इको, ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूच्या इजेसाठी), पोटॅशियम, कॅल्शियम, टीएसएच (थायरॉइडसाठी), छातीचा सीटी (गाठींसाठी), आणि शिरेतून गॅडोलिनियम हे रंगद्रव्य देऊन कार्डिॲक एमआरआय. घराण्यात कुणी तरुणपणी अचानक गेलं असेल किंवा कुणाला आधीच पेसमेकर असेल तर लॅमिन जनुकाची तपासणी. अगदी कमी वयाच्या पेशंटमध्ये ब्लॉक जन्मजात असू शकतो. त्याचा संबंध आईच्या रक्तातल्या अँटी-रो अँटीबॉडीशी असतो.

एमआरआय आधीच का? मशीन बसल्यावर सहा आठवडे तो सहसा टाळतात, आणि नंतरही डबीच्या सावलीने चित्र खराब होतं. आयसीडीच्या तर जास्तच. म्हणून नाडी ४० च्या आसपास टिकून असेल, रक्तदाब बरा असेल, तर मॉनिटर लावून एक दिवस थांबणं परवडतं. तात्पुरती वायर घालून बसलं की मात्र एमआरआयचा मार्ग बंद होतो. ज्यांना वायरशिवाय ठेवणं शक्यच नाही त्यांचा सीटी करावा, एमआरआय-कंडिशनल (ठरावीक अटींवर एमआरआय चालणारं) यंत्र बसवावं आणि पेट स्कॅन नंतर करावा. पेट स्कॅनला मशीनची अडचण नाही.

पेट स्कॅन वाया जातो तो पोटामुळे. निरोगी हृदयाचं साखर ओढणं बंद पाडलं तरच सूज आलेला भाग उठून दिसतो. त्यासाठी आदल्या दिवशी किमान दोन जेवणं भरपूर स्निग्ध आणि पिष्टमय पदार्थांविना, मग रात्रभर निव्वळ पाणी. अंडी, चिकन, मटण, मासे, तूप, लोणी, पनीर चालतं. भाकरी, पोळी, भात, डाळ, दूध, साखरेचा चहा, केळी, बटाटा बंद. शेवभाजी बेसनाची, म्हणून तीही नाही. 'उपाशी या' म्हटलं की आपल्याकडे साबुदाण्याची खिचडी आणि केळी खाऊन लोक येतात. तो निव्वळ स्टार्च आहे, आणि अख्खं हृदय पेटलेलं दिसून स्कॅन वाचताच येत नाही. मधुमेह असेल तर इन्सुलिनचं वेळापत्रक केंद्राकडून लिहूनच घ्यावं. सुईतून देतात त्या किरणोत्सारी साखरेची, एफडीजीची, शक्ती साधारण ११० मिनिटांत निम्मी होते, तेव्हा नाशिक, संभाजीनगर किंवा सुरतला जायचं असेल तर आदल्या रात्री मुक्कामी पोचणं शहाणपणाचं.

छातीत गाठी निघाल्या तर आपल्याकडे सार्कॉइड आणि क्षय यांत गोंधळ होतो. सूक्ष्मदर्शकाखाली दोन्हींत ग्रॅन्युलोमाच (पेशींची गुठळी) दिसतो. गाठीतला तुकडा घेऊन त्याची सीबीनॅट (क्षयाच्या जंतूंची) तपासणी झाल्याशिवाय स्टेरॉइड सुरू करू नये. क्षय असेल तर तो स्टेरॉइडने भडकतो. हृदयातून थेट तुकडा घेण्याची बायोप्सी ऐकायला पक्की वाटते, पण सार्कॉइड ठिपक्या-ठिपक्यांत पसरलेला असल्याने चारातल्या तीन वेळा ती चुकते. स्टेरॉइडने काहींचा ब्लॉक सुटतो. तो कधी परत येईल याचा भरवसा नसल्याने मशीन तरीही बसवतातच.

यंत्र: कोणतं आणि का

सिंगल चेंबर स्वस्त, एकच वायर, आणि योजनेच्या खर्चात सहज बसणारं. तरुणाला ते नको. वरचा कप्पा स्वतःच्या गतीने चाललेला असतो आणि मशीन खालचा कप्पा आपल्याच तालावर चालवतं. मानेत धडधड, थकवा, चक्कर. 'सिंगल आणि डबलमध्ये आयुर्मानाचा फरक नाही' हे वाक्य ऐकवलं जातं, त्याला आधार २००५ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश चाचणीचा. त्या चाचणीत सगळे पेशंट ७० आणि त्यापुढचे होते. पस्तिशीतल्या केळी उत्पादकाला तो निष्कर्ष लावणं चूक आहे. त्याचा वरचा कप्पा धडधाकट असेल तर डबल चेंबरच, म्हणजे वरच्या आणि खालच्या कप्प्यात एकेक वायर.

लीडलेस म्हणजे वायरविना, कॅप्सूलएवढं मशीन. मेडट्रॉनिकचा मायक्रा २०१६ मध्ये अमेरिकेत मान्य झाला, ॲबटचा अवीर २०२२ मध्ये, आणि त्याची दोन कप्प्यांची जोडी २०२३ मध्ये. खांद्याखाली जखम नाही, फुगवटा नाही, दिसायला झकास. पण किंमत कित्येक पट. एकट्या कॅप्सूलला वरच्या कप्प्याशी मेळ नीट साधत नाही, विशेषतः धावताना. आणि पन्नास वर्षं काढायची असतील तर बॅटरी संपलेल्या कॅप्सूल हृदयातच साठत जाण्याचा प्रश्न उभा राहतो. डायलिसिसचे पेशंट, शिरा बंद झालेले किंवा पॉकेटला (कातडीखालच्या डबीच्या जागेला) वारंवार संसर्ग झालेले, यांच्यासाठी ते उत्तम. बाकी तरुणांसाठी आज तरी पहिली पसंती नाही.

खरा फरक पडतो तो वायरचं टोक कुठे रुततं यावर, आणि त्याबद्दल फार कमी पेशंट विचारतात. उजव्या खालच्या कप्प्याच्या टोकाला स्क्रू केलेली वायर हृदय उलट्या क्रमाने आकुंचन पावायला लावते. पूर्ण ब्लॉकमध्ये हे शंभर टक्के ठोक्यांना होतं. काही वर्षांत दहा ते वीस टक्के पेशंटचं इजेक्शन फ्रॅक्शन, म्हणजे हृदयाची रक्त ढकलण्याची क्षमता, घसरतं. डावी बंडल शाखा पेसिंग, म्हणजे मधल्या पडद्यात खोल वायर घालून मूळ वहनमार्गच पकडणं, याची पहिली नोंद २०१७ मध्ये चीनमधून आली. क्यूआरएस बराच अरुंद राहतो. पूर्ण ब्लॉक असलेल्या तरुणाला हीच पद्धत द्यावी असं आमचं स्पष्ट मत आहे, एका अटीवर: करणाऱ्याचा हात बसलेला हवा. पडद्यातून वायर पार डाव्या कप्प्यात घुसणं किंवा काही दिवसांत सुटणं हे नवख्या हाताकडून होतं. आणि वीस-तीस वर्षांनी अशी वायर ओढून काढावी लागली तर काय, याचा अनुभव अजून जगातच कोणाकडे नाही. म्हणून किती केल्या आहेत, किती परत उघडाव्या लागल्या, हे डॉक्टरांना विचारण्यात संकोच नको. चांगला डॉक्टर या प्रश्नाने चिडत नाही.

कंपनी कोणती, हा प्रश्न यापुढे दुय्यम. मेडट्रॉनिक, ॲबट, बोस्टन सायंटिफिक, बायोट्रॉनिक, चारही चालतात. पण एका कंपनीचं मशीन दुसरीच्या प्रोग्रॅमरवर (मशीन तपासायच्या संगणकावर) वाचता येत नाही, आणि जिल्ह्याच्या ठिकाणी प्रोग्रॅमर बहुधा कंपनीचा माणूस ठरलेल्या दिवशी घेऊन येतो. तुमच्या गावापासून जवळच्या ओपीडीत कोणाचा माणूस नियमित येतो, त्यावर कंपनी ठरवा. घरी ठेवायचा रिमोट मॉनिटर जळगाव शहरात उपयोगी. सातपुड्यात मोबाइलचं नेटवर्क नसेल तर तो शोभेचा.

'एमआरआय-सेफ' हे विकताना फार मोघम वापरतात. डबी आणि वायर दोन्ही त्या जोडीने मान्य असाव्या लागतात. नवी डबी जुन्या किंवा दुसऱ्या कंपनीच्या वायरला जोडली की ती मान्यता उडते. तरुणाला पुढच्या चाळीस वर्षांत एमआरआय लागणार हे धरूनच चाला.

बसवणं आणि सेटिंग

ऑपरेशन एक-दीड तासाचं, जागा बधिर करून, बहुधा डाव्या खांद्याखाली. कापण्याआधीच्या तासाभरात सेफाझोलिन या अँटिबायोटिकचं इंजेक्शन, केस रेझरने नव्हे तर क्लिपरने काढणं, क्लोरहेक्सिडिन-अल्कोहोलने त्वचा पुसणं. आकडे लिहून मागा: थ्रेशोल्ड (ठोका पडायला लागणारा किमान व्होल्टेज) १ व्होल्टच्या आत, खालच्या कप्प्याचा सिग्नल ५ मिलिव्होल्टच्या वर, वरच्याचा दीडच्या वर. शीर शक्यतो ॲक्सिलरी किंवा सेफॅलिक असावी. हाडाला लागून सबक्लेव्हियन टोचली तर वायर हासळी आणि पहिल्या बरगडीच्या मध्ये चेपून काही वर्षांत तुटते. रावेर-यावलकडे केळीचे घड खांद्यावर वाहणाऱ्यांनी हे गांभीर्याने घ्यावं, आणि वजन दुसऱ्या खांद्यावर घ्यावं.

सुरुवातीला आउटपुट (मशीन प्रत्यक्ष देतं तो व्होल्टेज) साधारण ३.५ व्होल्ट ठेवतात, कारण पहिल्या काही आठवड्यांत थ्रेशोल्ड वाढतो. तीन महिन्यांनी आउटपुट थ्रेशोल्डच्या दुपटीपर्यंत खाली आणायचा असतो. आणि तिथेच सेवा गळते. पेशंट बरा वाटतो म्हणून येत नाही, आउटपुट तसाच राहतो. ठोक्यामागची ऊर्जा व्होल्टेजच्या वर्गाने वाढते: ५ व्होल्टला अडीचच्या चौपट. बॅटरीची वर्षं अशीच जातात. विशीतल्या पेशंटला आयुष्यात चार-पाच वेळा डबी बदलावी लागणार, आणि प्रत्येक बदलीला संसर्गाचा धोका नव्याने, तेव्हा वाचलेलं प्रत्येक वर्ष मोलाचं.

दुसरं सेटिंग म्हणजे वरची गतिमर्यादा. डबी कारखान्यातून १२० किंवा १३० वर येते. तरुणाचं हृदय नांगरताना, जिना चढताना १५० च्या पुढे जातं. मर्यादा ओलांडली की मशीन ठोके गाळायला लागतं, आणि नाडी क्षणात निम्म्यावर येऊ शकते. लोक दम लागतो म्हणून इन्हेलर घेत बसतात. हिशोब सोपा आहे: एव्ही डिले (वरच्या ठोक्यानंतर खालचा ठोका देईपर्यंतची वाट) १५० आणि पीव्हीएआरपी (खालच्या ठोक्यानंतर मशीन वरच्या कप्प्याकडे दुर्लक्ष करतं तो काळ) ३१० मिलिसेकंद असेल तर बेरीज ४६०, साठ हजार भागिले ४६० म्हणजे सुमारे १३०. पीव्हीएआरपी २३० वर आणला तर मर्यादा सुमारे १५८ वर जाते. श्रमाबरोबर एव्ही डिले आपोआप आखडणारं सेटिंग चालू करून घ्यावं आणि ट्रेडमिलवर तपासून घ्यावं. याउलट, वरचा कप्पा ठीक असेल तर रेट रिस्पॉन्स (हालचाल ओळखून ठोके वाढवणारं सेटिंग) बंदच बरा. चालू राहिला तर ट्रॅक्टरच्या हादऱ्यांनी बसल्या जागी ठोके वाढतात.

घरी आल्यावर

टाके सात ते दहा दिवस. तोवर जखम कोरडी. भुसावळच्या मेमध्ये हे अवघड आहे, म्हणून सैल सुती सदरा आणि सावली. हात खांद्याच्या वर चार ते सहा आठवडे नको, पण गळ्यात बांधूनही ठेवू नका, खांदा आखडतो. डबीवर फुगवटा आला तर कुणालाही सुई घालून पाणी काढू देऊ नका. जंतू आत जातात. लाली, पू किंवा कातडी पातळ होऊन डबी दिसायला लागली तर महिनाभर अँटिबायोटिक देऊन भागत नाही. डबी आणि वायर सगळं काढावं लागतं, त्यामुळे थेट बसवलेल्या ठिकाणीच जावं.

मोबाइल दुसऱ्या बाजूच्या खिशात, १५ सेंटिमीटर दूर. इंडक्शन शेगडीपासून दोन फूट. बोअरच्या मोटारीचा स्टार्टर नेहमीसारखा दाबा, फक्त त्यावर छाती टेकवून उभं राहू नका. वर्कशॉपमधलं वेल्डिंग १६० अँपिअरच्या खाली, होल्डर आणि केबल दोन फूट लांब, ओल्यात नाही. चक्कर वाटली की होल्डर खाली ठेवून मागे व्हायचं. रानडुकरांसाठी शेताला लावलेलं झटका मशीन मात्र खरोखर टाळण्यासारखं आहे: बांधावर काम करण्याआधी ते बंद करा. वरातीत डीजेच्या स्पीकरला पाठ लावून नाचू नये, आतलं चुंबक मोठं असतं.

दरवर्षी मशीनची तपासणी आणि त्याच दिवशी इको. इजेक्शन फ्रॅक्शन उतरू लागलं तर दोन शक्यता, पेसिंगमुळे किंवा दबलेला सार्कॉइड. दोन्हींवर उपाय आहेत, वेळेत कळलं तर.

पैसे आणि कागद

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कायमस्वरूपी पेसमेकरचं पॅकेज आहे, हेल्पलाइन १५५३८८. पूर्वपरवानगीसाठी ब्लॉक स्पष्ट दिसणारी ईसीजीची पट्टी आणि इको लागतो, म्हणून पहिल्या दवाखान्यातली मूळ पट्टी हातची सोडू नका. मशीन बसल्यावर ती पुन्हा मिळत नाही. थर्मल कागद वर्षभरात कोरा पडतो, फोटो काढून ठेवा. डबल चेंबर त्या दवाखान्यात योजनेतून मिळतं का, हे आरोग्यमित्राला दाखल होण्याआधी विचारा. स्टेंटसारखी कमाल किंमत पेसमेकरला ठरलेली नाही, तेव्हा डबी, प्रत्येक वायर आणि प्रोसिजर यांचे दर वेगवेगळे लिहून घ्या. वॉरंटी किती वर्षांची आणि बॅटरी लवकर संपली तर पूर्ण डबी मिळते की फक्त काही टक्के रक्कम, हेही त्याच कागदावर. डबल चेंबरला डबीचा एक आणि वायरचे दोन असे तीन स्टिकर फाइलवर असतात. बिलावर आणि पेसमेकरच्या कार्डावर तेच सीरियल क्रमांक आहेत का, ते घरी निघण्यापूर्वी जुळवून पाहा.